बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन: आवाज पंख्यात कमी, बसवण्यात जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतला २ बीएचके फ्लॅट. बेडरूमला लागून ८ फूट बाय ५ फुटांचं बाथरूम, त्याची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत उघडते. खिडकीच्या वरच्या काचेला गोल भोक पाडून १० वर्षांपूर्वी ६ इंची एक्झॉस्ट फॅन बसवलेला आहे. तो लावला की भिंतीपलीकडे झोपलेलं दीड वर्षाचं बाळ उठतं, म्हणून पहाटे आंघोळ करणारे आजोबा तो लावतच नाहीत. छतावर काळे ठिपके धरलेत, रंगाचे पोपडे निघतात. दुकानात ४ इंची ‘सायलेंट’ फॅन दाखवला, खोक्यावर २६ डेसिबल लिहिलंय. तो घ्यावा का?

लगेच घेऊ नका. मी ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात २४ वर्षं हेच काम करतोय, आणि तुमच्यासारख्या बाथरूममध्ये नवा महागडा फॅन लावूनही आवाज तसाच राहिल्याचं अनेकदा पाहिलंय. आवाजाचं मूळ कुठे आहे ते आधी शोधू, मग खरेदीचं बोलू. आजोबा पंखा लावत नाहीत, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. दर आंघोळीला कोणी लावणारच नसेल, तर त्या पंख्याची हवा ओढायची ताकद कितीही असली तरी छताला तिचा उपयोग शून्य.

आज संध्याकाळी एक साधी गोष्ट करा. पंखा चालू करून मिनिटभर ऐका आणि मग बटण बंद करताना कान देऊन उभे राहा. बटण दाबल्या क्षणी जो आवाज तुटतो, तो विजेचा, म्हणजे मोटरच्या गुंडाळीची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते आणि खालच्या सुरात घुमते. पाती मंदावतील तसतसा जो आवाज हळूहळू उतरत जातो, तो हवेचा आणि बेअरिंगचा. आणि थांबता थांबता मध्येच एका विशिष्ट वेगाला ‘थर्रर्र’ करून जो मोठा होतो आणि पुढच्या क्षणी नाहीसा होतो, तो कंपाचा. पंख्याच्या कंपाशी काचेचा, चौकटीचा किंवा पत्र्याचा सूर जुळला की असं होतं. तुमच्याकडे हा तिसरा आवाज असेल असा माझा अंदाज आहे, कारण पंखा काचेत बसवलाय.

काचेत पंखा बसवण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळलीय की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतच नाही. ४ मिलिमीटरची काच, तिच्याभोवती ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीतलं रबर उन्हानं कडक झालेलं. त्या काचेवर मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेणारी मोटर चार स्क्रूंनी आवळायची, म्हणजे ढोलाच्या पानावर यंत्र ठेवण्यासारखं आहे. पंख्यातला कंप थोडासाच असतो, पण काच तो पसरट पृष्ठभागावरून हवेत सोडते आणि चौकट तो भिंतीत पोचवते. भिंतीच्या पलीकडे पाळणा.

माझ्या एका ग्राहकाने चार वर्षांत तीन पंखे बदलले होते. तिसरा चांगला महागाचा होता, तरी घरातल्या आजी म्हणायच्या, ‘गिरणी सुरू झाली.’ मी पंखा काचेतून काढला, ग्रिल लावलेलाच ठेवून घडी घातलेल्या गोधडीवर उभा धरला आणि चालवला. खोलीत बोलणं सहज ऐकू येत होतं. मग काच काढून त्या जागी १२ मिलिमीटरचा डब्ल्यूपीसीचा (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचा) बोर्ड बसवला, चौकटीच्या खाचेत नवं मऊ रबर भरलं, पंखा आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची पट्टी घातली आणि स्क्रूच्या डोक्याखाली रबरी वॉशर टाकले. पंखा तोच. आजींनी बाहेर येऊन विचारलं, चालू केलात का? गोधडीची ही चाचणी तुम्हीही वायरमनकडून करून घ्या. खोली कोरडी हवी, अर्थिंगची तिसरी तार जोडलेली हवी, ग्रिल काढायचं नाही आणि पात्यांजवळ बोट न्यायचं नाही. गोधडीवर शांत आणि खिडकीत कर्कश असेल, तर दोष पंख्याचा नाही.

गोधडीवरही घरघर येत असेल तर पंखा बंद करून, मेन स्विच पाडून, पात्यांचा मधला गोळा हाताने पुढेमागे आणि आडवा हलवून बघा. पुढेमागे किंचित सरकणं बहुतेक मोटरमध्ये असतंच, पण आडवा खेळ जाणवला तर बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजलं. १० वर्षांच्या पंख्यात ते होणारच. पात्यांवर साबणाची वाफ आणि कपड्यांचे तंतू मिळून जो राखाडी थर बसतो, तोही बघा. तो सगळ्या पात्यांवर सारखा बसत नाही, एका पात्यावर जास्त झाला की तोल जातो आणि पंखा थरथरतो. ओल्या फडक्यानं पाती पुसल्यावर निम्मी तक्रार गेल्याची उदाहरणं माझ्याकडे भरपूर आहेत. तीन-चार महिन्यांतून एकदा हे करायला हवं आणि ते कोणीच करत नाही.

आता खोक्यावरचे २६ डेसिबल. हा आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही, पण तो कुठे मोजला ते वाचा. बारीक अक्षरात बऱ्याचदा ‘३ मीटरवर’ असं लिहिलेलं असतं. ही मोजणी आवाज शोषणाऱ्या भिंतींच्या खास खोलीत, पंख्याला पाइप, झडप किंवा जाळी काहीही न जोडता करतात. तुमचं बाथरूम लांबीला जेमतेम अडीच मीटर. आंघोळ करणाऱ्याचं डोकं पंख्यापासून फार तर दीड मीटरवर असतं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी वाढतो, म्हणजे इथेच २६ चे ३२ झाले. त्यावर चारही बाजूंना टाइल्स, ज्या आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. ज्या बाथरूममध्ये गाणाऱ्याचा आवाज भरदार लागतो, तिथे पंख्याचाही भरदारच लागणार. आणि हा आकडा माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार जुळवलेला असल्यामुळे खालच्या सुरातली गुणगुण त्यात कमी मोजली जाते. भिंत ओलांडून बेडरूममध्ये मात्र नेमकी तीच पोचते.

त्यामुळे दोन पंख्यांची तुलना करायची तर अंतर तेच आहे ना, एवढं आधी बघा. एकावर १ मीटर आणि दुसऱ्यावर ३ मीटर असेल तर तुलना फुकट. फरक ३ डेसिबलचा असेल तर तो कानाला जेमतेम कळतो, त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. १० डेसिबलचा फरक असेल तर आवाज साधारण दुप्पट किंवा निम्मा वाटतो, तो मोलाचा. परदेशी माहितीपत्रकात ‘सोन’ हे एकक दिसलं तर ते समजायला सोपं आहे: २ सोन म्हणजे १ सोनच्या दुप्पट मोठा वाटणारा आवाज. अमेरिकेतल्या भावाला किंवा मुलीला सांगून तिकडचा १ सोनवाला पंखा मागवायचा विचार मात्र करू नका. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. एक मोटर मी अशी जळलेली पाहिली आहे.

पंखा केवढा हवा, याचं गणित घरबसल्या करता येतं. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि ५ ने भागा. येईल तो आकडा सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा ओढायला हवी. या हिशेबानं बाथरूममधली हवा तासाला १२ वेळा बदलते आणि गरम पाण्याच्या आंघोळीला तेवढी पुरते. तुमचं बाथरूम ८ गुणिले ५, आणि फॉल्स सीलिंगपर्यंत उंची साडेआठ फूट धरली तर ३४० घनफूट. भागिले ५, म्हणजे ६८ सीएफएम. खोक्यावर घनमीटर प्रतितास लिहिलेलं असेल तर सीएफएमला १.७ ने गुणा: साधारण ११५.

आता ४ इंची पंख्याचं खोकं बघा. बहुतेकांवर ८० ते १०० घनमीटर लिहिलेलं असतं आणि तेही मोकळ्या हवेत. मागे झडप लागली, जाळी लागली, पाच फूट पाइप लागला आणि त्यात एक वळण आलं, की प्रत्यक्षात पन्नास-साठ मिळाले तरी खूप. म्हणजे तुमच्या गरजेच्या निम्मे. पंखा शांत असेल, पण आरसा धुरकटलेला राहील, आणि मग घरचे म्हणतील की एक्झॉस्टचा काही उपयोग होत नाही. ४ बाय ४ फुटांच्या नुसत्या संडासाला ४ इंची ठीक आहे. गरम पाण्याच्या शॉवरच्या बाथरूमला मी तो लावत नाही.

मोठा पंखा म्हणजे मोठा आवाज, हा समज इथे आडवा येतो. उलटं आहे. तेवढीच हवा मोठं पातं सावकाश फिरून देतं आणि लहान पात्याला ती द्यायला पळावं लागतं. पात्याचं टोक हवा कापताना आवाज करतं आणि टोकाचा वेग वाढला की आवाज झपाट्यानं वाढतो. पंख्यांच्या शास्त्रातला एक हिशेब मी रोज वापरतो: वेग २० टक्क्यांनी कमी केला तर हवा २० टक्क्यांनी कमी होते, पण आवाज सुमारे ५ डेसिबलनी उतरतो आणि वीज जवळपास निम्मी लागते. म्हणून तुमच्या बाथरूमला ६ इंचीच पंखा, पण कमी फेऱ्यांचा. दुकानात डेसिबल विचारण्याआधी आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे किती, ते विचारा. ६ इंचीमध्ये २,००० च्या वर फिरणारे आणि त्याच्या बरेच खाली फिरणारे, दोन्ही मिळतात. हवेचा आकडा गरजेपेक्षा दीडपट-पावणेदोनपट असेल असा सावकाश फिरणारा निवडा, म्हणजे मागचा अडथळा धरूनही पुरेसा उरतो.

रेग्युलेटर लावून वेग कमी करायचा असेल तर एक सावधगिरी हवी. सरकत फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापतो, त्यामुळे पंखा सावकाश फिरतो पण मोटर जास्त गुणगुणते. टप्प्याटप्प्यानं ‘टक टक’ फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर कपॅसिटरवर चालणाऱ्या मोटरला चांगला. स्वस्त पंख्यांमधल्या शेडेड पोल (बिनकपॅसिटरच्या साध्या) मोटरला मात्र रेग्युलेटर न लावलेला बरा. आणि बीएलडीसी (बिनब्रशच्या डीसी) मोटरच्या पंख्याला बाहेरून कुठलाच रेग्युलेटर लावायचा नाही, त्याचा वेग त्याच्या आतल्या सर्किटनं ठरतो. बीएलडीसी शांत असतात, वीज कमी खातात आणि १०० हर्ट्झची गुणगुण त्यांच्यात जवळपास नसते. बजेट असेल तर मी तेच सुचवीन.

बेअरिंगबद्दल दुकानात दोन शब्द ऐकू येतील: बुश आणि बॉल बेअरिंग. नवा असताना बुशवाला जास्त शांत वाटतो आणि भिंतीत बसवायचा असेल तर तो चालतो. छतात बसवला की त्याचा शाफ्ट (दांडा) उभा होतो, तेल खाली उतरतं आणि दोन-तीन वर्षांत घरघर सुरू होते. छतात बसवायचा असेल तर बॉल बेअरिंगच घ्या, सुरुवातीला जरासा जास्त आवाज आला तरी.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी आत यायला वाट लागते. बाथरूमचं दार घट्ट, दाराखाली ग्रॅनाइटचा उंबरा, खिडकीच्या काचा सिलिकॉननं बंद. मग हवा येणार कुठून? पंखा कोंडतो, पाती हवेला नुसती घुसळतात आणि आवाज चढतो. तपासायला सोपं आहे: पंखा चालू असताना दार बोटभर उघडा. आवाजाचा सूर बदलला, दार आत ओढल्यासारखं वाटलं, तर वाट कमी आहे. दाराच्या खालून १२ ते १५ मिलिमीटर फट करून घ्या किंवा दाराच्या खालच्या भागात जाळीची पट्टी बसवा. नंतर त्या फटीशी उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. पंख्याच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर हवा तिथूनच येते आणि तिथूनच जाते, आंघोळीच्या कोपऱ्यातली वाफ जागची हलत नाही. हेही उदबत्तीनं दिसतं.

इथे हातातलं सगळं सोडून एक प्रश्न विचारतो: बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का? असेल तर पंख्याचा विषय आजच्या आज बाजूला ठेवा आणि गिझर आधी बाहेर काढा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. आपल्या राज्यात यानं माणसं गेली आहेत, तरुण माणसं. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे गॅस गिझर सुरक्षित झाला, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. हवा यायला वाट नसेल तर जोरदार पंखा गिझरचा धूर उलटा आतच ओढू शकतो. गिझर मोकळ्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ. यात मी कोणत्याही ग्राहकाशी तडजोड करत नाही, काम सोडून येतो.

तुमचा पंखा डक्टमध्ये हवा सोडतो, तर डक्टचंही बघावं लागेल. दुसऱ्या मजल्यावरून वर बघितलं तर आठ-दहा बाथरूमच्या खिडक्या, कपडे, पाइप आणि कबुतरांची घरटी दिसतील. काही इमारतींत लोकांनी स्वयंपाकघराच्या चिमण्यांची तोंडंही तिथेच काढलेली असतात. वारा वरून डक्टमध्ये शिरला की तुमच्या पंख्यावर उलटा दाब येतो, साधा सपाट पात्यांचा पंखा त्याला हटवू शकत नाही आणि मागच्या झडपा ‘फट् फट्’ वाजत राहतात. हा आवाज रात्री पंखा बंद असतानाही येतो. पातळ प्लास्टिकच्या हलक्या झडपा असतील तर त्यांच्या कडेला फोमची बारीक पट्टी चिकटवा, आपटण्याचा आवाज जातो. पंखा फार सावकाश चालवला तर झडपा अर्धवट उघडतात आणि थरथरतात, म्हणून रेग्युलेटर कमी करताना झडपा पूर्ण उघडतात का ते पाहूनच थांबा. कबुतरांसाठी १२ मिलिमीटर भोकांची जाळी पुरते. डासांची बारीक जाळी मागे लावू नका, महिन्याभरात ती धुळीनं बुजते आणि पंखा पुन्हा कोंडतो.

डक्टमध्ये दाब खूप असेल किंवा बाळाच्या भिंतीपासून आवाज अगदी दूरच न्यायचा असेल, तर दुसरा रस्ता आहे: इनलाइन फॅन. यात छतात फक्त एक जाळी दिसते, पंखा माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये पाइपच्या मधोमध बसतो. मिक्स्ड फ्लो प्रकारचा घेतला तर तो दाबाविरुद्धही हवा ढकलतो. ४ इंची पाइपचा मिक्स्ड फ्लो तुमच्या बाथरूमला पुरेल. साध्या ६ इंचीच्या तीन-चारपट खर्च येतो, पण नीट बसवला तर बाथरूममध्ये नुसती हवेची सळसळ ऐकू येते. जाळी आणि पंखा यांच्यात निदान पाच-सहा फूट पाइप ठेवा, तोही आतून भोकांचा आणि बाहेरून लोकर गुंडाळलेला लवचिक पाइप मिळाला तर उत्तम. पंखा स्लॅबला थेट ठोकू नका, रबरी बुशच्या हँगरवर किंवा पट्ट्यांवर लोंबता ठेवा. आणि फॉल्स सीलिंगला झाकण ठेवायला विसरू नका. दोन वर्षांनी पंखा साफ करायला पीओपी फोडावं लागलेली घरं मी पाहिली आहेत, सुतार आणि पीओपीवाला दोघंही तोवर गावाला गेलेले असतात.

पाइपबद्दल तीन गोष्टी. एक, व्यास कमी करू नका. प्लंबर ‘३ इंची पाइप पडलाय तोच लावतो’ म्हणेल. तेवढीच हवा ४ इंचीऐवजी ३ इंचीतून न्यायची तर तिचा वेग पावणेदोनपट होतो आणि मग ती शिट्टी मारते. दुसरी, पंख्याला लागूनच कोपर लावू नका, फूटभर सरळ जाऊ द्या आणि मग वळवा. लवचिक पाइप ताणून बसवा, लोंबलेल्या पाइपात आवाजही होतो आणि वाफेचं पाणीही साठतं. बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. तिसरी, आणि यावर मी भांडतो: एक्झॉस्टचा पाइप संडासाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपात कधीही सोडायचा नाही. ‘हवाच तर आहे’ म्हणून तसं करून दिलेलं मी उघडून पाहिलंय. पंखा बंद असताना गटाराचा वायू थेट घरात येत होता.

भिंतीला भोक पाडायचं ठरलं तर कोअर कटिंगच (मशीननं गोल भोक कापणं) करून घ्या, छिन्नी-हातोड्यानं नको. बीम किंवा कॉलमला हात लावायचा नाही, आणि डक्टच्या बाजूची भिंत असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पंख्याची वायर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवर हवी, ३० मिलिअँपिअरच्या. शॉवरच्या पाण्याचे शिंतोडे पोचतील अशा जागी बसवायचा असेल तर खोक्यावर आयपीएक्स४ किंवा त्यावरचं मानांकन बघा. खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ राहणाऱ्यांनी लोखंडी चौकट टाळावी. खारी हवा आणि साबणाची वाफ मिळून ती दोन पावसाळ्यांत गंजते, आणि गंजलेली चौकट सैल होऊन वाजायला लागते.

पावसाळ्यात बाहेरच हवा ओली असते, मग एक्झॉस्टचा उपयोग काय, असा प्रश्न मला दर जुलैत येतो. उपयोग आहे. २६ अंशांच्या ओलसर हवेत एका घनमीटरला २३ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. गरम आंघोळीनंतर ३२ अंशांच्या कोंदलेल्या बाथरूममध्ये तीच ३३-३४ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे बाहेरची ओली हवासुद्धा आतल्यापेक्षा कोरडीच. फरक हिवाळ्याइतका मोठा नसतो एवढंच. डिसेंबरात डोंबिवलीपेक्षा पुण्या-नाशकाकडे तो आणखी स्पष्ट दिसतो: पहाटेच्या १२ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त १०-११ ग्रॅम मावतात, आणि तिथे बाथरूम दहा मिनिटांत कोरडं होतं. त्यामुळे आंघोळीनंतर पंखा हिवाळ्यात १०-१५ मिनिटं आणि पावसाळ्यात अर्धा तास चालू हवा. आजोबांना ते लक्षात ठेवायला लावू नका. बटण बंद केल्यावरही ठरावीक मिनिटं चालणारे टायमरवाले पंखे मिळतात, किंवा साध्या पंख्याला वायरमन वेगळा टायमर लावून देतो. पंखा आंघोळ संपल्यावर नाही, गरम पाण्याचा नळ सोडतानाच लावायचा. एकदा वाफ छताला लागून थंड झाली की तिचं पाणी होतं आणि ते पाणी सुकवायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

तर तुमच्या घरापुरतं मी असा क्रम लावीन. आधी पाती पुसा, बुशचा खेळ बघा, गोधडीची चाचणी करा. दाराखाली फट करून घ्या. पंखा गोधडीवर शांत असेल तर काच काढून बोर्ड आणि रबर लावा, नवा पंखा घ्यायचं कारणच उरणार नाही. बुश गेलं असेल तर त्याच बोर्डवर कमी फेऱ्यांचा ६ इंची, शक्यतो बीएलडीसी, प्लास्टिक चौकटीचा. एवढं करून बाळ उठत असेल तरच इनलाइनच्या खर्चात पडा. खिडकी बाळाच्या भिंतीला चिकटून असेल, तर पाळणा समोरच्या भिंतीला सरकवल्यानेही फरक पडतो, कारण खालच्या सुरातला आवाज भिंतीतूनच येतो आणि उशाशी सगळ्यात जास्त लागतो.

छताचं राहिलं. पंखा जुनी बुरशी काढत नाही, ती ब्लीचच्या पाण्यानं पुसून, पूर्ण सुकवून, मगच रंग द्यावा लागेल. पुसताना दार-खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका. पण रंग द्यायच्या आधी ठिपक्यांकडे नीट बघा. काळे बारीक ठिपके कोपऱ्यांत आणि शॉवरच्या वर सगळीकडे विखुरलेले असतील तर ती वाफ आहे आणि पंख्यानं थांबेल. पोपडे मात्र एकाच जागी, पिवळसर-तपकिरी कडेचे, खाली पांढरी खारट भुकटी, आणि वरच्या मजल्यावरच्यांची आंघोळ झाली की ओले होत असतील, तर ते पाणी वरच्या बाथरूममधून येतंय. तेव्हा पंख्याच्या दुकानाआधी वरच्यांच्या दारावर जा.